किसनरावांचा नवा पत्ता

या, जरा जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका, झोप येईल. आणि ही गोष्ट अर्धी ऐकून कोणी उठायचं नाही.

मी एरवी कीर्तनात रमणारा माणूस. बुवांनी आख्यान लावलं की दोन-दोन तास मांडी मोडत नाही. पण आज सांगतो ते आख्यान नाही. हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, मनकर्णाबाईच्या घरात घडलंय. जिनं ते पाहिलं आणि ऐकलं, ती तिची मुलगी सुचिता मला मामा म्हणते. तिनं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावास्या शोधतात.

इथे अमावास्या नव्हती. मागच्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. दुपारचे पावणेदोन. लख्ख ऊन. संग्रामपूरच्या बाजाररस्त्यावर गजेंद्रचं मोटारपंप आणि ठिबकचं दुकान आहे, तिथे.

सुचिता त्या दुकानात कॉम्प्युटर सांभाळते. गिऱ्हाइकांची यादी चौदाशे नावांची. निम्मे फोन लागत नव्हते. कोणी सिम बदललेलं, कोणी पोराचा नंबर दिलेला, तो पोरगा पुण्याला गेलेला. म्हणून गजेंद्रनं एक नवीन प्रकार घेतला होता. एआयचा एजंट. तो यादीतल्या एकेकाला स्वतःच फोन लावायचा, मराठीत विचारायचा, "आपला नंबर आणि पत्ता बरोबर आहे का?" आणि ऐकलेलं यादीत भरायचा. पुढे एक शेराही लिहायचा. सुचितानं 'मंजूर' दाबलं की बदल पक्का.

"बिनपगारी माणूस आहे हा," गजेंद्र म्हणाला. "चहाबी मांगत नाई."

"चहा मांगत नाई म्हणूनच ठेवला तुमी त्याले," सुचिता म्हणाली.

"तुले दोन टाइम पाजतो न व मी?"

"अर्धा कप असते तो, गजेंद्रभाऊ."

असं हसत-खेळत चाललं होतं. पण त्या एजंटाचा एक नियम होता. तीनदा फोन लावून उत्तर आलं नाही, की ते नाव 'बंद' यादीत जायचं.

आणि गिऱ्हाइकांच्या मूळ यादीत एक नाव होतं, ज्याच्यावर सुचिता दोन दिवस बोट ठेवत नव्हती.

किसनराव. तिचे वडील.

किसनराव पाणाड्या होते. तळहातावर नारळ आडवा धरून शेतातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. आमच्याकडे खारपाण पट्टा. गोडं पाणी सापडणं म्हणजे देव सापडणं. त्यामुळे माणसाला मान होता. कीर्तनात टाळकऱ्यांच्या रांगेत उजवीकडून दुसरे उभे राहायचे. पद उचलायच्या आधी दोनदा घसा खाकरायचे. एकदा बारीक, एकदा मोठ्यानं. बुवासुद्धा तेवढं थांबायचे.

त्यांचा एक नेम होता. ज्याच्या शेतात पाणी पाहायला जायचं, त्याचं नाव घरून निघताना घ्यायचं नाही. नाव घेतलं की पाणी सरकतं, असं ते म्हणायचे.

चैत्रात एका सकाळी ते नारळ घेऊन एसटीनं निघाले.

कुठे ते सांगितलं नाही.

परत आले नाहीत.

पोलिसांत कळवलं. दवाखाने पाहिले. शेगावला फोटो दाखवत फिरले. फोन पहिल्या दिवसापासून बंद. कुठे शोधणार? कोणाच्या शेतात गेले तेच कोणाला माहीत नव्हतं.

आठ महिने झाले. मनकर्णाबाईचं काय म्हणावं, सांगा. कुंकू लावायचं की नाही? ती लावत होती. पण त्या गुरुवारी सकाळी शेजारची रेणुका हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली, उंबऱ्याशी उभी राहिली, काही सुचेना तिला, आणि "मीठ आहे का व काकू?" असं विचारून चिमूटभर मीठ घेऊन गेली.

मनकर्णाबाई सुचिताला इतकंच म्हणाली, "जिता असन तं जिता सांगा. गेला असन तं गेला सांगा. हे मधलं मले झेपत नाई, बाई."

ते वाक्य डोक्यात घेऊन सुचिता दुकानात आली होती. आज नाव 'बंद' मध्ये जाणार, हे तिला ठाऊक होतं. आपल्या हातानं काढण्यापेक्षा मशीननं काढलेलं बरं, असं तिनं मनाशी ठरवलं आणि एजंटाला उरलेली यादी दिली. गजेंद्र जेवायला घरी गेला होता.

नावं सरकत होती. संपर्क झाला. संपर्क झाला. उत्तर नाही.

मग ती ओळ आली...

किसनराव. संपर्क झाला. नंबर तोच. पत्ता बदलला.

सुचिता सांगते, तिला आधी राग आला. कोणीतरी बाबांचं सिम वापरतंय, असं वाटलं.

तिनं नवा पत्ता उघडला.

"जुनी विहीर, तीन बाभळी, नाल्याच्या वरच्या अंगाला." पुढे सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका शिवाराचं नाव. ते मी सांगत नाही. मालक अजून तिथे पेरतो.

खाली आवाजाची फाईल होती. चाळीस सेकंदांची.

तिनं ती लावली.

आधी एजंटाचा आवाज. "नमस्कार. आपला पत्ता बदलला आहे का?"

मग काहीच नाही.

मग पाण्याचा एक थेंब... लांब, खोल पडलेला.

मग कोणीतरी घसा खाकरला. एकदा बारीक. एकदा मोठ्यानं.

"हाव."

आणि त्या होकाराच्या मागोमाग, खालच्या सुरात, पुन्हा एकदा... "हाव."

विहिरीचा पत्ता त्यात कोणी सांगितलाच नव्हता. सुचिताच्या हातून माउस सुटला. रस्त्यावर भाजीवाले ओरडत होते, समोरच्या हॉटेलात भजी तळत होती, आणि ती खुर्चीत थिजून बसली होती. गजेंद्र ढेकर देत आला. तिनं नुसतं बोट दाखवलं.

गजेंद्रनं ऐकलं. मग त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून किसनरावांचा नंबर लावला.

बंद.

पुन्हा लावला. बंद.

त्यानं एजंट देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्याकडे या नंबरला कॉल लागल्याची नोंदच नाही. कधीकधी ते मनानंच रकाने भरतं, दुर्लक्ष करा."

"अन् आवाज? तोबी मनानंच काढला का?"

"फाईल पाठवा, बघतो."

पाठवली. तासाभरानं त्याचा फोन आला.

"ही फाईल परत पाठवू नका," एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

सुचितानं आईला काही सांगितलं नाही. काका माणिकराव, किसनरावांचे धाकटे भाऊ, त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती, काका आणि गजेंद्र जीप घेऊन निघाले.

"पोरी, मशीनच्या सांगण्यावर चाललो आपण," काका वाटेत म्हणाले. "गावात मालूम झालं तं हासतीन."

"हासू द्या न, काका. आठ महिने लोक रडून राह्यले आपल्यासाठी, थकले असतीन."



शिवार सापडलं. नाला सापडला. वरच्या अंगाला तीन बाभळी होत्या.

विहीर जुनी, दगडी. एका बाजूनं काठ ढासळून आत गेलेला. आत हिरवं, गच्च पाणी. बाभळीवर एक पाखरू नव्हतं.

काठाजवळच्या गवतात एक नारळ पडला होता. वाळून काळा झालेला. शेंडीला हळदीत भिजवलेला सुताचा धागा.

काका खाली बसले. "दादाचाच आहे," म्हणाले.

पोलीस आले. गजेंद्रनं दुकानातल्या दोन मोटारी आणून लावल्या. दोन दिवस पाणी उपसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी गाळात किसनराव सापडले. म्हणजे जे काही उरलं होतं ते. गळ्यातली माळ तेवढी शाबूत होती.

शेतमालक अकोल्याला राहणारा. तो म्हणाला, "म्या फोन केलता त्यायले, विहीर खोल करायची तं पाहून घ्या म्हणून. पण आलते का नाई, मले काय मालूम?" खोटं बोलत नसावा. किसनराव उतरले असतील, दरड कोसळली असेल. पंचनाम्यातही तसंच लिहिलं.

आता एक गोष्ट नीट ऐका.

किसनरावांच्या कमरेला दोर होता. त्याचं दुसरं टोक कोसळलेल्या दगडांखाली गेलं होतं. ओढून पाहिला, येईना. वरची दरड अजून भुरभुरत होती, आत उतरलेली माणसं घाबरली होती. फौजदारसाहेबांनी वरून विचारलं, "अजून कोणी होतं का यांच्यासोबत?"

सगळे म्हणाले, "नाई."

तेव्हा माणिकरावांनी कोयता मागवला. दोर कापला. भावाला वर घेतलं.

सुचिता काठावर उभी होती. दोर तुटला तेव्हा तिला खालून आवाज आल्यासारखा वाटला. कोणीतरी श्वास आत ओढावा तसा...

विहिरीत घुमतं, असं ती स्वतःला म्हणाली.

माणूस गेलेली विहीर उघडी ठेवू नये, असं आपल्याकडे मानतात. मालकानं घाई केली. तिसऱ्याच दिवशी जेसीबी आणून दगड, मुरूम, माती ढकलून विहीर बुजवून टाकली. वरून नांगर फिरवला. गावानं म्हटलं, चांगलं केलं.

किसनरावांचे दिवस झाले. तेराव्याला मी होतो. मनकर्णाबाईनं कुंकू पुसलं. रडली, पण तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा एक थारा दिसला. रात्री भजनाला बसलो, तेव्हा उजवीकडून दुसरी जागा आम्ही मोकळी ठेवली.

वाटलं, सुटला माणूस.

चौदाव्या दिवशी सुचिता दुकानात गेली. दुपारचीच वेळ. किसनरावांची ओळ अजून मंजुरीसाठी थांबलेली होती. तिनं एजंटाला लिहिलं, "या ग्राहकाची मयत म्हणून नोंद कर."

एजंटानं बदल तयार केला. तिनं डोळे पुसले आणि 'मंजूर' दाबलं.

ओळ हिरवी झाली नाही.

एक गोल फिरत राहिला... फिरत राहिला...

मग शेरा उमटला. "बदल थांबवला. ग्राहक म्हणतात, आधी सोबतच्याची नोंद घ्या."

सुचितानं हाक मारली, "गजेंद्रभाऊ, इकडे या."

तो येऊन मागं उभा राहिला. दोघांच्या डोळ्यांदेखत यादीत एक नवी ओळ तयार झाली. कोणी काही टाइप करत नव्हतं.

नाव: गोविंदा.

गाव: माहीत नाही.

नंबर: किसनरावांचाच.

पत्ता: तोच.

आणि शेरा. एजंट नेहमी पुस्तकी मराठीत लिहायचा. हा शेरा तसा नव्हता.

"दोर काऊन कापला?"

गजेंद्रनं मागून वायर उपटली. पडदा काळा झाला.

"कोण गोविंदा व?" त्यानं विचारलं.

सुचिताला माहीत नव्हतं. ती तशीच घरी आली. मनकर्णाबाई तांदूळ निवडत होती.

"आई, बाबा विहिरीत उतरत तवा दोर कोण धरे?"

मनकर्णाबाईचा हात थांबला.

"कोणी ना कोणी असेच. एकटा कधी उतरे नाई तो." मग आठवत म्हणाली, "मागच्या साली एक माणूस येत जाय न. डोंगरापलीकडचा. कापूस वेचाले आला, अन् राह्यला. देवळात निजे. लय कमी बोले. तुह्या बाबानं दोनदा घरी जेवाले आणला होता त्याले. भाकरीले हात लावायच्या आंधी तुह्या बाबाकडे पाहे, घेऊ का म्हणून."

"नाव काय त्याचं?"

"गोविंदा म्हणत त्याले."

सुपातले तांदूळ तसेच राहिले.

"तो कुठी गेला मंग?"

"गेला असन आपल्या मुलखात, असंच म्हणत सारे. चैताच्या नंतर दिसला नाई."

चैत्रानंतर. सुचितानं फोन काढला. ती चाळीस सेकंदांची फाईल तिनं जपून ठेवली होती. कानाला लावून ती पुन्हा ऐकू लागली. आधीही पन्नासदा ऐकली होती, बाबांचा आवाज म्हणून. मागचा 'हाव' तिनं आजवर विहिरीतला घुमाराच धरला होता. आता ती त्या मागच्या आवाजाकडे कान देत होती.

थेंब पडला. एकच पडला. त्याचा घुमारा आला नाही.

घसा खाकरला. त्याचाही घुमारा आला नाही.

"हाव," बाबा म्हणाले. मग मागचा तो "हाव," खालच्या सुरातला. त्यात जरा वेगळी ढब होती, डोंगरापलीकडची.

तिनं आवाज पूर्ण वाढवला. फाईल संपता संपता, जिथे आजवर तिला नुसती खरखर ऐकू येत होती, तिथे दोन श्वास होते. एक थांबायचा, तेव्हा दुसरा सुरू व्हायचा. जसं दोघं मिळून काहीतरी जड धरून ठेवतात ना... तसं.

मनकर्णाबाईनंही ऐकलं.

मग म्हणाली, "त्यानं दोर सोडला नाई, पोरी. दरड आंगावर आली तरी सोडला नाई. अन् आपुन कापून आलो."

सुचिता आणि माणिककाका ठाण्यात गेले. साहेब भला माणूस. पण तो तरी काय करणार? "आडनाव? गाव? कोणाची हरवल्याची तक्रार?" काहीच नव्हतं. मशीननं लिहिलंय, हे काकांनी सांगितलंसुद्धा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मालक म्हणाला, "बुजवलेली विहीर उकरू देणार नाई. आजूबाजूले हरभरा उभा आहे." तहसिलात अर्ज दिला आहे. तो अजून तिथेच आहे.

माणिककाकांनी त्या दिवसापासून कोयत्याला हात लावला नाही. आपल्या उजव्या हाताकडे ते पाहत बसतात. जेवतानासुद्धा.

गजेंद्रनं एजंट बंद केला. यादी पुन्हा वहीत उतरवून घेतली. त्या वहीत किसनरावांच्या नावापुढे सुचिताला 'मयत' लिहायचं होतं. तिनं तीनदा पेन टेकवलं. अक्षर उमटलं नाही. तेच पेन खालच्या ओळीवर चांगलं चाललं.

मनकर्णाबाई आता दोन पानं वाढते. एक नवऱ्याच्या नावानं, एक गोविंदाच्या. शेजारपाजारचे म्हणतात, बाई भ्रमली. मी नाही म्हणत.

कारण मीही त्याला पाहिलं होतं.

सप्ताहात तो मंडपाबाहेर चपलांजवळ बसायचा. लोकांच्या चपला ओळीनं लावून ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं. काला झाला की प्रसादाला सगळ्यांच्या शेवटी. मी सात दिवस त्याच्यासमोरून आत गेलो, बाहेर आलो. अतिथी हा देव, असं बुवा आतून सांगत होते आणि मी मान डोलवत होतो. बाहेर येऊन त्याला एकदाही विचारलं नाही की बाबा, तू कुठला? तुझ्या घरी कोण आहे?

कुठल्या तरी डोंगरातल्या पाड्यावर कोणी त्याची वाट पाहत असेल. तिथेही एखादी बाई असेल, जिता म्हणा की गेला म्हणा, पण मधलं नको, असं म्हणणारी. तिला कोण सांगणार? कोणत्या पत्त्यावर?

परवा दुपारी सुचिताचा फोन वाजला. पावणेदोन वाजले होते. वर नाव होतं, बाबा.

तिनं उचलला.

घसा खाकरला नाही. कोणी बोललं नाही. नुसते श्वास. एक थांबायचा, दुसरा सुरू व्हायचा...

पण ती म्हणते, मामा, आता ते दमलेत.

तेव्हा तुम्हाला हात जोडून एक मागणं आहे. किसनरावांसाठी आम्ही आहोत, त्यांची काळजी नको. आज घरी जाल, देवापाशी दिवा लावाल, तेव्हा एक नाव घ्या. गोविंदा. आडनाव माहीत नाही, गाव माहीत नाही.

तेवढ्यावरच घ्या. पण घ्या.

रामकृष्णहरी.